पाणी बघणारा कोण आणि बोअरची गाडी कुणाची: सॉफ्टवेअर घेताना सल्लागार कसा निवडायचा

२०१६ चा उन्हाळा, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं तो. त्या उन्हाळ्यात आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, रानात बोअर मारला. पाणी बघायला जो माणूस आणला होता तो तळहातावर नारळ घेऊन सगळं रान फिरला, बांधाच्या कडंला नारळ उभा राहिला, म्हणला अण्णा इथं मारा, चारशे फुटाला दोन इंची पाणी. पैसे घेतले नाहीत त्यानं. म्हणला तुमच्याकडून काय घ्यायचं. गाडी पण त्यानंच फोन करून बोलावली. चारशेला फुफाटा, पाचशेला फुफाटा, आणि हा बाजूला उभा राहून म्हणतोय अजून पन्नास जाऊद्या, अजून पन्नास जाऊद्या, शेवटी साडेसहाशेला अण्णांनी गाडी बंद करायला लावली. दोन महिन्यांनी कळलं की गाडीवाला त्याला फुटामागं पैसे देत होता. पाणी लागो न लागो, भोक जितकं खोल तितकी ह्याची कमाई.

त्याच अण्णांची एमआयडीसीत दाळमिल आहे, तिथला हिशोब आणि कॉम्प्युटर मी बघतो. आणि बोअरवर जे झालं तेच पुढं तीन वर्षांनी मिलमध्ये सॉफ्टवेअर घेताना झालं, फक्त नारळाच्या जागी लॅपटॉप होता. माणूस चांगला बोलणारा, फुकट सल्ला देतो म्हणला, दोन तास मिल फिरला, तिसऱ्या दिवशी कोटेशन आणलं. सहा लाखाच्या आसपास खर्च झाला आणि वर्षभरानं आमचे मुनीम परत वहीत लिहायला लागले. नंतर समजलं त्याला त्या सॉफ्टवेअरच्या डीलरकडून वाटा होता. चूक त्याची जितकी तितकीच आमची, कारण आम्ही त्याला एकदाही विचारलं नाही की बाबा तुला पैसे कोण देतं.

तेव्हापासून ओळखीचे चारपाच जण सारखं विचारतात की ईआरपी, म्हणजे खरेदीपासून हिशोबापर्यंत सगळा धंदा एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, घ्यायचंय, सर्व्हर बदलायचाय, कॅमेरे आणि हजेरीचं मशीन लावायचंय, कुणाला विचारावं. जालन्याच्या रोलिंग मिलवाल्यापासून वाळूजच्या छोट्या शॉपवाल्यापर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच आहे, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

पहिल्यांदा हे बघू की आपल्याकडं सल्ला देतं कोण. चार प्रकारचे लोक असतात. एक कॉम्प्युटरच्या दुकानवाला, ज्याच्याकडून आपण दहा वर्षं प्रिंटर आणि यूपीएस घेतोय. दुसरा सॉफ्टवेअर कंपनीचा पार्टनर किंवा डीलर, जो टॅली, बिझी, मार्ग, एसएपी, झोहो, ओडू असलं काहीतरी विकतो आणि बसवून देतो. तिसरा आपला सीए. आणि चौथा म्हणजे हिंजवडीला जॉबला असलेला भाचा, जो दिवाळीला घरी आला की सगळे त्याच्याभोवती जमतात. यातला एकही वाईट नाही, पण एकही सल्लागार नाही. दुकानवाला माल विकतो, डीलर त्याच्याकडं असलेलंच सॉफ्टवेअर विकतो, सीएला रिटर्न वेळेवर भरायचंय म्हणून त्याच्या ऑफिसच्या पोरांना जे जमतं ते तो सांगतो, आणि भाच्याला बँकेच्या ॲपचं कोडिंग येतं, त्याला चुनी (दाळीचा चुरा) आणि खांडा (तुकडा दाळ) यातला फरक माहीत नाही.

बाहेरचा सल्लागार म्हणजे पाचवा माणूस. तो काहीच विकत नाही. त्याचं काम एवढंच, की तुमचा धंदा समजून घ्यायचा, काय लागतंय ते कागदावर लिहायचं, बाजारात कोण काय देतंय ते बघायचं, भाव आणि करार तुमच्या बाजूनं करायचा, आणि बसवून होईपर्यंत विकणाऱ्याच्या मागं लागून काम करून घ्यायचं. त्याचे पैसे तुम्ही देता आणि फक्त तुम्हीच देता. ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, बाकी अनुभव, डिग्री, सर्टिफिकेट सगळं नंतर.

मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. अडत कोण देतंय यावर अडत्या कुणाचा ते ठरतं. सॉफ्टवेअरमध्ये पण अडत असतीच, फक्त ती पट्टीवर, म्हणजे अडत्याच्या हिशोबाच्या कागदावर, दिसत नाही. कंपनी डीलरला लायसन्सवर मार्जिन देते, दरवर्षीच्या रिन्युअलवर पण काही देते, कुणी ग्राहक नुसता ओळखून दिला तर त्याचे वेगळे देते. किती टक्के ते कंपनीवर आणि प्रॉडक्टवर अवलंबून असतं. यात बेकायदेशीर काही नाही, धंदाच तसा चालतो. गोची तेव्हा होते जेव्हा हा पैसा घेणारा माणूस तुमच्यासमोर "मी तुमच्या बाजूचा" म्हणून बसतो. समजा मार्जिन २० टक्के धरलं, तर दोन लाखाचं सॉफ्टवेअर सुचवलं तर ह्याला ४० हजार आणि आठ लाखाचं सुचवलं तर १ लाख ६० हजार. आता सांगा तो दोन लाखवाल्याचं नाव काढंल का. आणि समजा तुम्हाला नवीन काही घ्यायचीच गरज नसंल, आहे तेच नीट वापरायचं असंल, तर ह्याला शून्य. शून्यासाठी कुणी दोन तास मिल फिरत नाही.

म्हणून भेटल्यावर पहिला प्रश्न सरळ विचारायचा, लाजायचं नाही: "तुम्ही जे सुचवाल त्याच्या कंपनीकडून, डीलरकडून, हार्डवेअरवाल्याकडून तुम्हाला काही मिळतं का, आणि हे लिहून द्याल का?" तोंडी तर सगळेच नाही म्हणतात. लिहून द्यायची वेळ आली की खरे खोटे वेगळे होतात. एक माणूस आम्हाला म्हणला की हो, मी अमुक कंपनीचा पार्टनर आहे, त्यामुळं त्या कंपनीचं कोटेशन यादीत असेल तर ते मी तपासणार नाही, ते तुम्ही दुसऱ्याकडून तपासा. मला तो माणूस आवडला. संबंध असणं हा गुन्हा नाही, लपवणं आहे.

दुसरी ओळखायची खूण म्हणजे तो सॉफ्टवेअरचं नाव कधी घेतो. पहिल्या भेटीत चहा संपायच्या आत ज्यानं नाव घेतलं तो विकायलाच आलाय असं समजा. चांगला माणूस आधी बघतो. आमच्याकडं दुसऱ्यांदा जो सल्लागार आला, संभाजीनगरचा, तो पहिल्या दिवशी ऑफिसात बसलाच नाही. सकाळी वजनकाट्यावर उभा राहिला, तुरीची गाडी आली की पावती कशी फाटते, ओल किती धरतात, घट कोण कापतं, ते काट्यावरचा पोरगा कुठं लिहितो आणि मुनीम कुठं लिहितात. मग म्हणला मालक, एक गोष्ट सांगा, शंभर क्विंटल तूर घातली तर बाहेर काय काय निघतं?

हा प्रश्न मागच्यानं विचारलाच नव्हता. दाळमिलमध्ये एक माल आत जातो आणि पाचसहा माल बाहेर येतात. शंभर क्विंटल तुरीतनं साधारण सत्तरबहात्तर क्विंटल दाळ, ती पण एका जातीची नाही, फटका वेगळी, सवा नंबर वेगळी, मग खांडा, मग चुनी, मग टरफल, आणि राहिलेली घट. मध्ये तेलपाणी करून वाळवायला टाकलेला माल असतो तो तूर पण नसतो आणि दाळ पण नसतो. साधं ट्रेडिंगचं सॉफ्टवेअर काय करतं, तूर खरेदी, दाळ विक्री, स्टॉक एवढाच. मग वर्षअखेरीला चुनीचा स्टॉक उणे दाखवतं, वाळवणातला माल गायब दाखवतं, आणि मालक म्हणतो कुणीतरी चोरी करतंय. चोरी नसती, सॉफ्टवेअरला कळतच नाही आपण काय करतो ते. जालन्यात बिलेट तापवून सळई काढणाऱ्याचं पण तेच, स्केल (तापल्यावर सुटणारी पापडी) आणि एंड कटिंग (टोकाचे कापलेले तुकडे) कुठं धरायचं. वसमतच्या हळदवाल्याचं तेच, पॉलिश केल्यावरची घट. धंदा बदलला की दुखणं बदलतं, आणि सल्लागाराचं पहिलं काम हे दुखणं नेमक्या शब्दात लिहून काढणं.

ते लिहिलेलं म्हणजे गरजांचा कागद. चार पानं असली तरी चालतं, शंभर पानांचा कोणी वाचत नाही. त्यात तीन प्रकार पाडायचे, ह्याच्याशिवाय चालणारच नाही, असलं तर बरं, आणि आत्ता नको. हा कागद तुमच्या मालकीचा पाहिजे, सल्लागार उद्या बदलला तरी कागद तुमच्याकडं राहतो आणि त्याच्यावर तुम्ही कुणाकडूनही कोटेशन मागवू शकता. सगळ्यांना एकच कागद दिला की सगळी कोटेशनं एकाच मापाची येतात, नाहीतर एकजण पोत्याचा भाव सांगतो, एक क्विंटलचा, आणि आपण त्याची तुलना करत बसतो.

सल्लागाराला नियम माहीत आहेत का हे पण इथंच कळतं, आणि याच्यात लई लोक उघडे पडतात. मी सरळ दोनतीन गोष्टी विचारतो. उलाढाल ५ कोटीच्या वर असंल तर १ ऑगस्ट २०२३ पासून करपात्र मालाच्या बिझनेस टू बिझनेस बिलांना ई-इन्व्हॉइस लागतं, हे त्याच्या यादीत आहे का. फर्म प्रायव्हेट लिमिटेड आहे का प्रोप्रायटरी हे त्यानं विचारलं का, कारण कंपनी असंल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग बंद न करता येणारा पाहिजे, कुणी कुठली एंट्री कधी बदलली त्याची नोंद राहिली पाहिजे, प्रोप्रायटरीला ती सक्ती नाही. उदगीरहून बिदरला करपात्र माल गेला तर ५० हजाराच्या वर ई-वे बिल, राज्यातल्या राज्यात आपल्याकडं मर्यादा १ लाखाची. आणि दाळवाल्यांसाठी खास, १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पॅकिंगला ५ टक्के जीएसटी आणि ३० किलोच्या कट्ट्याला नाही, म्हणजे तीच दाळ, तोच ढीग, पिशवी बदलली की बिल बदललं. हे सॉफ्टवेअरनं आपोआप केलं पाहिजे, बिल करणाऱ्या पोराच्या डोक्यावर सोडून जमत नाही.

यातूनच एक गोष्ट निघते जी आमच्या लक्षात फार उशिरा आली. सॉफ्टवेअरवर आणि सल्लागाराच्या फीवर १८ टक्के जीएसटी असतो, आणि विकणारा म्हणतो त्याचं काय, त्याचं तर क्रेडिट मिळतं, म्हणजे पुढं भरायच्या करातून ते वजा होतं. मिळतं, पण ज्याची विक्री करपात्र आहे त्याला. तुमची बहुतेक विक्री मोठ्या कट्ट्यातली, करमाफ असंल तर त्या प्रमाणात क्रेडिट मिळत नाही, तो १८ टक्के सरळ तुमच्या खिशातून गेला. जालन्याच्या स्टीलवाल्याला १० लाखाचं सॉफ्टवेअर १० लाखालाच पडतं आणि लातूरच्या दाळवाल्याला तेच ११ लाख ८० हजारापर्यंत जाऊ शकतं. सल्लागारानं हे स्वतःहून सांगितलं तर समजा माणूस कामाचा आहे.

आता पैशाचा हिशोब बघू कारण फसगत सगळ्यात जास्त इथंच होते. आपण कोटेशनचा पहिला आकडा बघतो. समजा दोन कोटेशनं आहेत, दहा जण वापरणार. पहिलं: लायसन्स एकदाच ३ लाख. दुसरं: क्लाउडवालं, म्हणजे इंटरनेटवर चालणारं भाड्याचं, माणसी महिन्याला १२०० रुपये. बघणारा म्हणंल दुसरं वर्षाला १ लाख ४४ हजार, म्हणजे दोन वर्षांत लायसन्सएवढे झालेच की, पहिलंच घ्या. पण पाच वर्षांचं मांडून बघा. पहिल्यात लायसन्स ३ लाख, दुसऱ्या वर्षापासून २० टक्के एएमसी (वर्षाची देखभाल फी) म्हणजे ६० हजार गुणिले चार, २ लाख ४० हजार, बसवायचे अडीच लाख, आपल्याप्रमाणं बदल करून घ्यायचे दीड लाख, सर्व्हर आणि मोठा यूपीएस १ लाख ८० हजार. झाले ११ लाख २० हजार. दुसऱ्यात पाच वर्षांचं भाडं ७ लाख २० हजार, बसवायचे २ लाख, इंटरनेटची दुसरी लाइन वर्षाला १२ हजार म्हणजे ६० हजार. झाले ९ लाख ८० हजार. वर १८ टक्के लावले की १३ लाख २१ हजार ६०० आणि ११ लाख ५६ हजार ४००. हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, तुमचे वेगळे येतील, कदाचित उलटे पण येतील, युजर वाढले की भाड्याचं गणित बिघडतं. मुद्दा इतकाच की ३ लाख हा आकडा कुठंच नव्हता. जो सल्लागार पाच वर्षांचा असा तक्ता करून देत नाही त्यानं अजून काम सुरूच केलेलं नाही.

याच्यात आपल्या भागातल्या गोष्टी पण धराव्या लागतात. दुपारची लाइट जाते, रस्त्याचं काम निघालं की केबल तुटते आणि दोन दिवस इंटरनेट नसतं, तूर आल्यावर सीझनला काट्यावर गाड्यांची रांग असते तेव्हा "सर्व्हर डाऊन आहे" म्हणून शेतकऱ्याला उभं करता येत नाही. पुण्यामुंबईचा सल्लागार बऱ्याचदा इथंच चुकतो. त्याला विचारा, नेट गेलं तर काट्याची पावती कशी निघणार. उत्तर "आजकाल नेट कुठं जातंय" असं आलं तर त्याला चहा पाजा आणि बसस्टँडला सोडून या.

आणि उलटं पण असतं, जुनं फेकायला लावणारे. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट बंद केला, तेव्हापासून दुकानवाले म्हणतात सगळे पीसी बदला. आमच्याकडचे आठ मोजले तर तीन बदलायची गरज होती, चार नव्या विंडोजवर गेले आणि एक फक्त काट्याला जोडलेला आहे, त्याला इंटरनेटच दिलेलं नाही. सल्लागाराच्या अर्ध्या दिवसाच्या फीत पाच पीसीचे पैसे वाचले.

फी कशी ठरवायची? तीन पद्धती चालतात. ठराविक कामाची ठराविक रक्कम, दिवसाच्या हिशोबानं, किंवा खरेदीच्या टक्केवारीवर. टक्केवारी कटाक्षानं टाळा. खरेदीच्या १० टक्के फी ठरली आणि खरेदी ५ लाखाची झाली तर त्याला ५० हजार, १२ लाखाची झाली तर १ लाख २० हजार, म्हणजे परत फुटामागं पैसे, परत अजून पन्नास जाऊद्या. दिवसाच्या हिशोबात काम लांबतं. सगळ्यात बरं म्हणजे कामाचे तुकडे पाडून ठराविक रक्कम: गरजांचा कागद झाला की इतके, कोटेशनांची तुलना झाली की इतके, करार झाला की इतके, आणि शेवटचा हप्ता सॉफ्टवेअर चालू होऊन एका पूर्ण महिन्याचा हिशोब बंद झाल्यावर, म्हणजे स्टॉक जुळला, जीएसटी रिटर्न त्यातूनच निघालं, की मग. आणि पहिल्या तुकड्यानंतर दोघांनाही सुटता आलं पाहिजे. फी वर्षाला ५० हजाराच्या वर गेली तर टीडीएस बघावा लागतो, तो तुम्हाला लागू आहे का ते सीएला विचारा. सल्लागार उद्यम नोंदणीवाला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असंल तर त्याचे पैसे लेखी करार असताना ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि नसताना १५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर तो खर्च ज्या वर्षी पैसे देता त्याच वर्षी वजावटीला धरतात. आपण मोंढ्यातले लोक उधारी लांबवायला पटाईत, म्हणून सांगितलं.

डेमो. याच्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण आम्ही पहिल्या वेळी डेमो बघूनच भुललो होतो. विकणाऱ्याच्या लॅपटॉपवर "एबीसी ट्रेडर्स" नावाची कंपनी असते, तिच्यात दहा आयटम असतात, कधी माल परत येत नाही, कधी चेक बाउन्स होत नाही, आणि स्क्रीनवर रंगीत गोल फिरतात. अण्णा म्हणले भारी आहे. आपल्या सल्लागारानं हे होऊ द्यायचं नसतं. दुसऱ्या वेळी त्यानं काय केलं, आमचाच एक खरा दिवस निवडला, जानेवारीतला, तुरीच्या सीझनचा, आणि त्या दिवसाचे सगळे कागद, नावं खोडून, तिन्ही कंपन्यांना दिले आणि म्हणला याच्यावर डेमो द्या. त्यात काट्याच्या चाळीस पावत्या होत्या, एक गाडी ओलीमुळं भाव कापलेली, एक गाडी अर्धी उतरवून परत नेलेली, अडत्याची एक पट्टी ज्यात हमाली तोलाई वेगळी, हैदराबादच्या पार्टीचं ३० किलो कट्ट्याचं बिल आणि गावातल्या दुकानाचं एक किलो पुड्यांचं बिल, आणि संध्याकाळी बारदान्याचा हिशोब. एका कंपनीचा माणूस म्हणला हे सगळं होतं, कस्टमायझेशनमध्ये करून देऊ. सल्लागार म्हणला करून देऊ नको, आज दाखव. दोन कंपन्यांना हे जमणार नाही ते अर्ध्या तासात कळून चुकलं.

आणि डेमोला मालक नाही, मुनीम आणि काट्यावरचा पोरगा बसवायचा. पैसे मालकाचे जातात पण रोज बोटं त्यांची चालतात. आमच्या मुनीमकाकांनी एका सॉफ्टवेअरमध्ये एक पट्टी करायला किती वेळा माउस लागतो ते मोजलं, आणि म्हणले सीझनला दीडशे पट्ट्या होतात, मला इथं रात्री अकरापर्यंत बसवणार का. हा प्रश्न कुठल्याही इंजिनियरच्या डोक्यात आला नसता.

"कस्टमायझेशन" या शब्दाबद्दल थोडं. आपल्याला वाटतं सॉफ्टवेअर आपल्यासारखं वळवलं पाहिजे. काही ठिकाणी पाहिजेच, चुनी खांड्याचं उदाहरण सांगितलं. पण प्रत्येक सवयीसाठी वळवायला लागलो तर बिल थांबत नाही. जर्मनीतली लिडल ही सुपरमार्केटची मोठी साखळी, तिनं सात वर्षं एसएपीवर काम करून २०१८ मध्ये ते सोडून दिलं, बातम्यांत खर्चाचा आकडा सुमारे ५० कोटी युरोचा होता. एक मोठं कारण असं सांगितलं गेलं की ते स्टॉक खरेदी किमतीनं धरत होते आणि सॉफ्टवेअरची नेहमीची पद्धत विक्री किमतीची होती, सवय बदलायची नाही म्हणून सॉफ्टवेअर बदलत गेले. तिथं सल्लागार काय कमी होते का, ढीगभर होते. म्हणून सल्लागाराला हे पण विचारा की आमची कुठली पद्धत बदलावी असं तुम्हाला वाटतं. जो म्हणतो तुमचं सगळं बरोबर आहे, सॉफ्टवेअर वळवून घेऊ, तो गोड बोलतोय. आम्हाला आमच्या दुसऱ्या सल्लागारानं तोंडावर सांगितलं होतं की तुम्ही एकच माल तीन नावांनी लिहिता, आधी ते थांबवा. अण्णांना राग आला होता. बरोबर होतं ते.

माणूस तपासायचा कसा? तो जी तीन नावं देईल त्यांना फोन कराच, पण ते कौतुकच करणार, म्हणून त्यांना विचारा तुमच्याशिवाय अजून कुणाचं काम केलंय त्यानं, आणि त्या चौथ्याला फोन लावा. मालकापेक्षा तिथल्या अकाउंटवाल्याशी बोला. "चांगला आहे का" असं विचारू नका, विचारा की ठरलेल्यापेक्षा खर्च किती वाढला, तारीख किती हुकली, आणि अडचण आली तेव्हा तो फोन उचलत होता का. अजून एक, त्यानं कुणाला "घेऊ नका" असं कधी सांगितलंय का ते विचारा. दहा वर्षांत एकदाही नाही म्हणायची वेळ आली नसंल तर मग तो सल्ला देत नव्हता. असे लोक शोधायला सीएमआयए, मसिआ या मराठवाड्यातल्या उद्योजकांच्या संघटनांच्या बैठकांना जाऊन बसलं तरी बरंच कळतं, तिथं चहाच्या वेळेला लोक कार्यक्रमापेक्षा खरं बोलतात.

करारात काय पाहिजे ते थोडक्यात. लायसन्स, ॲडमिनचा ईमेल, मोबाइल नंबर, वेबसाइटचं डोमेन, क्लाउडचं खातं, सगळं मालकाच्या नावावर, सल्लागाराच्या किंवा डीलरच्या नाही. हे फार जणांचं अडकलेलं आहे, डीलरशी भांडण झालं की पासवर्ड त्याच्याकडं आणि आपण दारात. डेटा कधीही एक्सेलमध्ये पूर्ण काढून मिळाला पाहिजे, आणि हे करार करण्याआधी एकदा काढून बघायचं. बॅकअप रोज कुठं जातो आणि तो परत चढवून कुणी बघितलाय का. विकणाऱ्याचे पैसे पण टप्प्याटप्प्यानं, शेवटचे २० टक्के तरी हातात ठेवून. बाकी वकिलाची भाषा असते ती असू द्या.

आता खरं सांगायचं तर सगळ्यांना सल्लागार लागत नाही. एक दुकान, दोन कॉम्प्युटर, वर्षाला लाखभराच्या आत खरेदी असंल तर फी देण्यापेक्षा शेजारच्या दुकानात जाऊन तो काय वापरतो ते एक तास बघा. खरेदी मोठी असंल, पाचसहा जणांच्या कामावर परिणाम होणार असंल, चुकलं तर सीझन हातातून जाणार असंल, तेव्हा बाहेरचा माणूस घ्या. आणि सीझनमध्ये कधीच सुरू करू नका. आमच्याकडं जून ते सप्टेंबर त्यातल्या त्यात निवांत, तेव्हा बसवलं तर चुका परवडतात.

आमच्या मिलचं शेवटी काय झालं, तर त्या दुसऱ्या सल्लागारानं मोठं ईआरपी घेऊच नका म्हणून सांगितलं. आहे ते हिशोबाचं सॉफ्टवेअर ठेवा, काटा त्याला जोडून घ्या, आणि उताऱ्यासाठी, म्हणजे किती तुरीतनं काय काय निघालं त्याच्या नोंदीसाठी, एक छोटं वेगळं घ्या, तिन्ही मिळून पावणेतीन लाख. फी ६० हजार. अण्णांना हे अजून पचलेलं नाही. मागच्या वर्षी त्यांनी परत बोअरचा विषय काढला, यावेळी मीटर घेऊन येणारा भूगर्भवाला आणला, त्यानं वायर टाकून दिवसभर रान मोजलं, तीन हजार घेतले आणि म्हणला इथं मारू नका, पैसे वाया जातील. अण्णा आता मोंढ्यात भेटंल त्याला सांगतात, पुतण्या लई शहाणा निघाला, एकदा सॉफ्टवेअर न घ्यायचे साठ हजार द्यायला लावले आणि एकदा बोअर न मारायचे तीन.